हिरा दारात नेऊन बघा

पर्समधून कॅलिपर काढला तेव्हा काउंटरपलीकडच्या मुलाचं हसू जरा सैल पडलं. शेजारी बसलेल्या माझ्या नणंदेने टेबलाखालून पाय दाबला. सराफाच्या दुकानात स्वतःचं मोजमाप काढायचं म्हणजे भाजीवालीपुढे घरचा तराजू मांडण्यासारखं आहे, असं ती नंतर रिक्षात म्हणाली. असेलही. पण माझं नाशकात शालिमारजवळ चष्म्याचं दुकान आहे, बाबांपासूनचं. भिंगाची जाडी मोजायचा कॅलिपर माझ्या पर्समध्ये असाच पडलेला असतो, इतर बायकांच्या पर्समध्ये सेफ्टी पिना असतात तसा.

भिशीचे पैसे हातात आले होते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, नवऱ्याने काय हवं ते विचारलं, मी म्हटलं की मला हवं ते मीच घेते, तू फक्त गाडी पार्क कर. एका खड्याची अंगठी, अर्धा कॅरेट, एवढं डोक्यात पक्कं होतं. अर्धा कॅरेट म्हणजे पन्नास सेंट, म्हणजे एक दशांश ग्रॅम. आपल्याकडे हिरा घेणाऱ्या बहुतेकांना एवढंच पाठ असतं, मलाही एवढंच होतं.

दुकान मोठं होतं, कॅनडा कॉर्नरच्या बाजूचं. वर छतात लहान लहान तीव्र दिव्यांची रांग. त्या उजेडात प्रत्येक खडा नाचत होता. मुलाने मखमलीच्या ट्रेवर एक ठेवला आणि रंग जी, क्लॅरिटी व्हीएस टू, वजन पूर्ण पन्नास, असं एका दमात सांगितलं. मी विचारलं, "आणि कट?"

"राउंड कट, मॅडम."

इथेच मला शंका आली. राउंड हा आकार झाला. कट म्हणजे त्या आकाराचे पैलू किती कोनात, किती प्रमाणात पाडलेत ते. मुलाची चूक म्हणणार नाही, त्याला तेवढंच शिकवलं असेल. पण विकणाऱ्यालाच हा फरक माहीत नसला, तर घेणाऱ्याने तो शोधावा लागतो. मी सर्टिफिकेट मागितलं. त्यात कटपुढे 'गुड' लिहिलं होतं. शाळेच्या वहीवर बाई 'गुड' लिहायच्या तेव्हा आपण घरभर दाखवत फिरायचो. इथे मात्र एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर अशा पाच पायऱ्या आहेत आणि गुड तिसरी आहे.

खड्याचा व्यास मी मोजला, ४.८८ मिलिमीटर. खोली सर्टिफिकेटवरच होती, ३.२१. म्हणजे रुंदीच्या ६५.८ टक्के. तेव्हा मला एवढंच कळलं की हा खडा रुंदीच्या मानाने फार खोल आहे. नीट पाडलेला पन्नास सेंटचा गोल हिरा पाच मिलिमीटरच्या वर भरतो, हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी मी दुसरंच काहीतरी केलं. "जरा दारात नेऊन बघू का?" म्हटलं. श्रावणातली दुपार होती, बाहेर ढगाळ, सावलीचा पांढरा उजेड. मुलगा चिमट्यात खडा धरून माझ्याबरोबर आला, मागे वॉचमन. तिथे त्या खड्याचा नाच संपला. मधोमध थोडं चकाकत होतं, पण त्याभोवती धुरकट राखाडी कडं दिसत होतं, चिनीमातीच्या बशीत चहाचा डाग राहतो तसं. आत छताखाली ते कुठेच दिसलं नव्हतं.

"घरी विचारून सांगते," म्हणाले आणि निघालो. हे वाक्य सराफाला आणि साडीवाल्याला सारखंच कळतं.

आठवडाभराने दुकानात एक काका आले, वाचायचा चष्मा करायला. मूळचे शिंदखेड्याकडचे, पण बावीस वर्षं सुरतेत वराछ्याला हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर बसलेले. खानदेशातली किती माणसं सुरतेत आहेत हे आपल्याकडच्या कोणाला सांगायला नको. घंटी म्हणजे ज्या चाकावर हिरा घासतात ती. काका हिऱ्याच्या वरच्या भागाला मथाळा म्हणतात आणि खालच्याला तळिया, गुजरातीतून उचललेले शब्द. मी त्यांचा नंबर तपासता तपासता माझा ६५.८ टक्क्यांचा प्रश्न काढला.

ते हसले. म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक वजन विचारतं ना, मग आम्ही वजन वाचवतो."

मग त्यांनी नंबरपट्टीकडे पाठ करून पंधरा मिनिटं सांगितलं, बाहेर दोन पेशंट ताटकळले. कच्च्या दगडातून गोल हिरा काढायचा तर निम्मा दगड, कधी त्याहून जास्त, भुकटी होऊन जातो. तळिया थोडा उभा ठेवला, मधली कमर, म्हणजे या दोन भागांमधली कड, जाडी ठेवली की चार-पाच सेंट वाचतात. वरून बघणाऱ्याला ते वजन दिसतच नाही, कारण ते खाली आणि कडेला दडलेलं असतं. आणि भावाला पायऱ्या असतात. पन्नासच्या वरच्या मालाचा कॅरेटमागचा भाव वेगळा, एकोणपन्नासचा वेगळा. "पन्नासचा खडा घासता घासता एकोणपन्नास झाला की मालकाचं तोंड बघवत नसे," ते म्हणाले. आता कच्च्या दगडाचा नकाशा कॉम्प्युटरवर निघतो, कापणी लेझरने होते, तरी कोणता खडा काढायचा हे ठरवताना तराजू शेजारीच असतो.

तेव्हापासून सर्टिफिकेटवर ०.५० किंवा १.०० असं गोल वजन दिसलं की मी रंगाआधी खोली बघते. कधी ती अगदी ठीक निघते. पण बघते.

काका गेल्यावर मला माझाच धंदा नव्याने दिसला. रोज मी लोकांना सांगते की नंबर जास्त असेल तर हाय इंडेक्सची, म्हणजे प्रकाश जास्त वाकवणारी, काच घ्या. साधं प्लास्टिक १.५, मग १.५६, १.६७, सगळ्यांत महाग १.७४. हिऱ्याचा हाच आकडा २.४२ आहे. आकडा जितका मोठा, तितका प्रकाश आत अडकवणं सोपं. हिऱ्याच्या आत शिरलेल्या किरणाला बाहेर पडायचं तर त्याने पृष्ठभागाला जवळजवळ सरळ येऊन धडकायला हवं, लंबापासून साडेचोवीस अंशांच्या आत. त्याहून तिरका आला की तो आतल्या आत परत फिरतो. चष्म्याच्या साध्या काचेत हीच मर्यादा बेचाळीस अंशांच्या आसपास आहे, म्हणून काचेला अगदी हिऱ्यासारखे पैलू पाडले तरी तिच्या तळातून उजेड गळत राहतो.

तर हिऱ्याचा तळिया म्हणजे आरशांची चोच. वरून आलेला उजेड एका बाजूच्या पैलूवर आपटतो, तिथून समोरच्या पैलूवर, आणि मग वरून आपल्या डोळ्यात. चोच फार उभी झाली की दुसऱ्या धडकेला कोन कमी पडतो आणि काही किरण खालून निसटतात. मी दारात बघितलेलं राखाडी कडं तेच होतं. उलट चोच फार उथळ झाली तर मधल्या सपाट पैलूतून कमरेचंच प्रतिबिंब गोल पांढुरक्या कड्यासारखं दिसतं, त्याला व्यापारात फिशआय म्हणतात. एकदा मेलेल्या पापलेटचा डोळा आठवला की विसरता येत नाही.

एक गंमत मला फार आवडली. आम्ही काचेला अँटिग्लेअर लावून जे घालवतो तेच हिऱ्यात विकलं जातं. चष्म्याच्या साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परततो आणि गिऱ्हाईक तक्रार करतं. हिऱ्याच्या पृष्ठभागावरून १७ टक्के परततो. काचेच्या कडेला रंगीत झालर दिसली तर माणूस चष्मा परत आणतो, हिऱ्यातल्या त्याच रंगांना फायर म्हणतात आणि त्याचे पैसे मोजतात.

आता आकडे. गोल हिऱ्याला ५७ पैलू असतात, खालचं टोक सपाट केलं असेल तर ५८. त्यांचे कोन गणिताने मांडून छापले ते मार्सेल टोलकोव्स्की यांनी, १९१९ साली. ते हिरे घासणाऱ्या बेल्जियमच्या घराण्यातलेच. त्यांचं उत्तर असं होतं: वरचा सपाट पैलू, म्हणजे टेबल, रुंदीच्या ५३ टक्के, मथाळ्याचा कोन ३४.५ अंश, तळियाचा ४०.७५. शंभर वर्षांत यंत्रं पार बदलली, पण चांगला गोल खडा अजून याच मोहल्ल्यात राहतो. फक्त टेबल आता थोडं मोठं आवडतं.

जीआयए या हिरे तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या सर्टिफिकेटवर कटची श्रेणी २००६ पासून येते, तीही गोल हिऱ्याला. प्रिन्सेस, कुशन अशा इतर आकारांच्या कागदावर पॉलिश आणि सिमेट्री एक्सलंट लिहिलेलं असतं आणि दुकानदार तेच कट म्हणून दाखवतो. पॉलिश म्हणजे पैलू गुळगुळीत आहेत, सिमेट्री म्हणजे ते जागच्या जागी आहेत. वाकडा नकाशा अतिशय सफाईने बांधता येतो, नाशिकच्या कुठल्याही नव्या कॉलनीत बघा.

आणि गोल हिऱ्यातसुद्धा 'एक्सलंट' हा वर्ग मोठा आहे. तळियाचा कोन ४०.६ पासून ४१.८ पर्यंत, मथाळ्याचा ३१.५ पासून ३६.५ पर्यंत त्यात बसू शकतो. दोन्ही एकाच वेळी वरच्या टोकाला असले तर खडा काठावर पास झालेला असतो. मथाळा उभा असेल तर तळिया थोडा उथळ हवा, म्हणजे दोघांचं जमतं. मी माझी गाळणी वहीत लिहिली: टेबल ५५ ते ५८, खोली ६० ते ६२.५, मथाळा ३४ ते ३५, तळिया ४०.६ ते ४१. कमर 'थिन' ते 'स्लाइटली थिक'. कमर अतिशय बारीक असली तर ठेच लागून टवका उडतो, अतिशय जाड असली तर काकांचे चार सेंट. ही गाळणी फार कडक आहे हे मला मान्य आहे, तिच्याबाहेरही सुंदर खडे असतात. पण वीस सर्टिफिकेटांतून तीन उरवायला काहीतरी लागतं. आणि हो, प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्याला हेच सगळं लागू आहे, इंडेक्सही तोच. तिथे वजन स्वस्त असल्याने वाईट कट खपवून घ्यायचं काहीच कारण नाही.

या सगळ्यात आमच्या त्र्यंबकेश्वरची आठवण न येती तर मी नाशिककर कसली. देवळातला तो निळसर हिरा, ज्याला जग नासक डायमंड म्हणतं, १८१८ च्या युद्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. तेव्हा तो सुमारे ९० कॅरेटचा होता. आपल्या कारागिरांनी त्याचं वजन राखलं होतं, मूळ दगडाच्या आकाराला धरून पैलू पाडले होते. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांना त्यात झळाळी कमी वाटली. त्यांनी तो पुन्हा घासला आणि ७८ कॅरेटच्या वर थोडा उरला. पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तो विकत घेऊन आणखी कापला. आता तो ४३.३८ कॅरेटचा आहे, चौकोनी. अर्ध्याहून जास्त हिरा भुकटीत गेला. देवाच्या मुकुटात समईच्या उजेडात बघायचा दगड आणि विजेच्या दिव्याखाली काचेच्या पेटीत बघायचा दगड यांचा कट एकच कसा असेल, हे मला आता कळतं. तरी राग यायचा तो येतोच.

असो. दुसऱ्या वेळी आम्ही सराफ बाजारातल्या सासरच्या जुन्या सराफाकडे गेलो. ते सरळ म्हणाले, "वहिनी, एवढे आकडे बघून माल मी ठेवत नाही, पण मुंबईहून मागवतो." बीकेसीच्या भारत डायमंड बोर्समधून चार दिवसांत तीन पुड्या आल्या. माझी गाळणी मी व्हॉट्सॲपवर पाठवली होती, पण व्यापाऱ्याने त्याच्या मनानेही दोन घुसवले होते. ते बरंच झालं, कारण फरक डोळ्यांनी बघता आला.

पहिला ०.४६ कॅरेट, व्यास ४.९८, टेबल ५७, खोली ६१.४, कोन ३४.५ आणि ४०.८. दुसरा ०.५१, व्यास ५.०६, हाही एक्सलंट, पण कोन ३५.५ आणि ४१.२. तिसरा ०.४५, टेबल ६३, मथाळा ३२, खोली फक्त ५७.६, त्यामुळे वजन कमी असूनही व्यास ५.०४. आता कॅनडा कॉर्नरचा तो पूर्ण पन्नास आठवा, ४.८८. पंचेचाळीसचा खडा पन्नासच्या खड्यापेक्षा रुंद.

नणंदेला मी आकडे दाखवले नाहीत. तिने झटकन तिसरा उचलला, मोठा दिसतो म्हणून. मग आम्ही तिन्ही घेऊन खिडकीशी गेलो. सराफांनी एक पांढरं व्हिजिटिंग कार्ड दुमडून पन्हाळी केली आणि त्यात तिन्ही ओळीने ठेवले. आधी हातभर अंतरावरून. मग वर तळहाताची सावली धरून. मग कार्ड हळूच डावी-उजवीकडे झुलवत, कारण बोट काही स्थिर राहत नाही. तिसरा काचेच्या तुकड्यासारखा निर्मळ आणि थंड दिसत होता, रंग फारसे फेकत नव्हता. मथाळा बसका आणि टेबल मोठं असलं की असं होतं. दुसरा चांगला होता, खरंच. फक्त सावलीत त्याच्या टेबलाच्या कडेला उजेड जरा मंद व्हायचा. पहिल्या खड्यातले उजेडाचे आणि काळोखाचे तुकडे रेखीव होते, कार्ड हललं की ते झपझप जागा बदलत होते. "हा जिवंत आहे गं वहिनी," नणंद म्हणाली आणि तिसरा तिने परत पुडीत घालायला दिला.

मी अगदी जवळ डोळा नेला तेव्हा पहिल्यात आठ काळे बाण दिसले, नेमके, चक्रातल्या आऱ्यांसारखे. सराफ म्हणाले, ही हार्ट्स अँड ॲरोजची खूण. पूर्ण खूण पटवायला खालून हृदयंही बघावी लागतात आणि त्याला वेगळी दुर्बीण लागते, तेव्हा मी ते नाव लावत नाही. पण त्या बाणांचं एक कळलं. ते काळे दिसतात कारण त्या जागी तुमच्याच डोक्याचं प्रतिबिंब असतं. डोकं मागे घेतलं की बाण पांढरे होतात.

भाव इथे लिहीत नाही, तो सारखा हलतो. एवढंच सांगते की सेहेचाळीस हा पन्नासच्या पायरीखाली असल्याने दुसऱ्या खड्यापेक्षा बराच स्वस्त पडला आणि उरलेल्या पैशांतून अंगठीचं सोनं जवळजवळ निघालं.

अंगठी घडून आली त्या संध्याकाळी मी ती दुकानात नेली आणि डोळे तपासायच्या स्लिट लॅम्पवर ठेवली. पेशंट हनुवटी टेकवतो तिथे नॅपकिनची घडी, त्यावर अंगठी. वीस पट मोठं करून कमर शोधली. तिथे लेझरने कोरलेला सर्टिफिकेटचा नंबर होता, एका आकड्यावर सोनाराची नखी अर्धी चढलेली. बाकीचे आकडे जुळले. मग जीआयएच्या संकेतस्थळावर तोच नंबर टाकून कागदही पडताळला. माझा हेल्पर बाहेरून बघत होता, त्याला वाटलं मॅडमनी आता अंगठीलाही नंबर काढला.

गौरींच्या दिवशी ती पहिल्यांदा घातली. सासूबाईंनी कानात त्यांच्या हिऱ्याच्या कुड्या घातल्या होत्या, सात-सात खड्यांच्या, त्यांच्या सासूकडून आलेल्या. त्यांना सर्टिफिकेट नाही, कुठलेही दोन खडे सारखे नाहीत, टेबलं बारकी आणि मथाळे उंच. माझ्या गाळणीतून एकही खाली उतरला नसता. समया लागल्या, मोठे दिवे कोणीतरी फोटोसाठी बंद केले, आणि सासूबाई आरतीचं ताट घेऊन वळल्या तेव्हा त्या कुड्यांतून लाल, हिरवी, अशी एकेक मोठी सावकाश ठिणगी पडली. माझी अंगठी बारीक चुरचुरत होती. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या उजेडात बाजी कुड्यांनी मारली.

जेवणं झाल्यावर त्यांनी माझा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला, बोट इकडेतिकडे फिरवून बघितलं. तूप-वरणाचा हात लागून खडा तोवर मंद झाला होता, हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो. मी उठून कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून, जुन्या मऊ ब्रशने मागची बाजू घासून आणली.

"आता दिसतोय," त्या म्हणाल्या. "किती सेंटचा?"

"सेहेचाळीस, आई."

"पन्नासचा नाही घेतलास?" मग नणंदेकडे बघून, "चार सेंटांसाठी काय गं अडलं होतं हिचं?"

नणंद माझ्याकडे बघून हसली आणि पान लावायला आत गेली.